नाव आणि नाते : संख्याशास्त्रीय संगणकभाषांतील प्रकार-परीक्षेचा इतिहास

सोलापुरातील नवी पेठ भाषाभ्यासकास नेहमीच मोह घालीत आली आहे. एकाच दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, कामगाराशी तेलुगू, बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी कन्नड आणि शेजारच्या दुकानदाराशी दखनी वळणाची उर्दू अशी चार भाषांची देवघेव तासाभरात ऐकावयास मिळते. २०१८ साली पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांनी या पेठेतील दुकानांची एक लहानशी भाषिक पाहणी अभ्यासाचा भाग म्हणून केली. तक्त्याचे रकाने चारच होते : दुकानाचा अनुक्रमांक, मालकाची मातृभाषा, दुकानात वापरल्या जाणाऱ्या भाषांची संख्या आणि दुकान सुरू झाल्याचे वर्ष. हा तक्ता ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत भरण्यात आला, व दुकान जितके नवे तितक्या भाषा अधिक की कमी, या प्रश्नाचा सहसंबंधगुणक काढण्यात आला. गुणक अगदी विश्वासार्ह वाटावा असा होता. प्रस्तुत लेखकाने तो स्वतः पाहिला आणि पसंतही केला.

पुढे याच सामग्रीचा आलेख काढताना असे दिसून आले की, वर्षाच्या अक्षावर १९४० किंवा १९७५ असे आकडे नसून एक, दोन, तीन असे अनुक्रम आहेत. शोध घेता कारण एका चौकटीत सापडले. एका वृद्ध दुकानदाराने वर्ष सांगण्याऐवजी ‘आजोबांच्या वेळेपासून’ असे उत्तर दिले होते आणि विद्यार्थ्याने ते प्रामाणिकपणे तसेच लिहून घेतले होते. त्या एका नोंदीमुळे सबंध रकाना यंत्राच्या दृष्टीने अंकांचा न राहता अक्षरांचा झाला. अक्षरांच्या रकान्याचा त्या काळच्या रीतीप्रमाणे ‘फॅक्टर’ झाला, म्हणजे भिन्न भिन्न नोंदींना क्रमाने संकेतांक दिले गेले. आणि विद्यार्थ्याने ‘याचे अंक कर’ अशी आज्ञा देताच यंत्राने वर्षे न देता ते संकेतांक हाती ठेवले. वर्षे चढत्या क्रमाने लावलेली असल्याने संकेतांकही चढते, म्हणून गुणक फारसा बिघडला नाही. मात्र अकारादी क्रमात अक्षरे अंकांच्या मागून येतात. त्यामुळे जे दुकान इतके जुने की त्याचे वर्षच कोणाला ठाऊक नाही, ते आमच्या पाहणीत सर्वांत नवे ठरले होते.

या प्रसंगात यंत्राने चुकीचे असे काहीच केले नव्हते. त्याला जे विचारले त्याचे त्याने उत्तर दिले. आम्हीच त्यास ‘ही सामग्री कोणत्या प्रकारची आहे?’ हा प्रश्न विचारला नव्हता. या प्रश्नास संगणकभाषांत मोठा इतिहास आहे, आणि तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटण्याचे कारण नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

हाताने तक्ते करण्याच्या काळी हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नसे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीवरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. तशा पाहण्यांत शेकडो अर्जांवरील नोंदी माणसेच वाचीत व वर्गवार मांडीत. मातृभाषेच्या रकान्यातील संकेतांकांची सरासरी काढावी असे अशा कारकुनाच्या स्वप्नातही आले नसते, कारण नोंद वाचणारा डोळा आणि तिचा अर्थ जाणणारे मन एकाच देहात होते. नोंद एकाने करावयाची आणि हिशेब यंत्राने करावयाचा, अशी वाटणी झाली तेव्हा प्रकाराची परीक्षा हा स्वतंत्र उद्योग होऊन बसला.

यंत्रासाठी प्रकार सांगण्याची पहिली सर्वमान्य रीत नावाची होती. १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी सिद्ध झालेल्या फोर्ट्रान भाषेत चलाच्या नावाचे आद्याक्षर आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी असेल तर ती संख्या पूर्णांक समजावयाची, एरवी दशांशयुक्त, असा नियम होता. आपल्याकडे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरते. येथे आद्याक्षरावरून जातकाचा स्वभाव ठरे! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा आपल्याकडील संशोधकांच्या एका पिढीने याच नियमावर हात बसविला. नियमाचा लाभ उघड होता : नाव वाचले की प्रकार कळला, वेगळी परीक्षा नको. तोटाही तितकाच उघड होता. नाव ठेवणारा चुकला तर हिशेब चुके, आणि चूक झाल्याचे चिन्ह कोठेही उमटत नसे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ च्या मे महिन्यात जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या भाषेचा आराखडा मांडावयास आरंभ केला, तिचे पुढे ‘एस’ असे नामकरण झाले. फोर्ट्रानमधील उत्तम संख्याशास्त्रीय उपक्रम त्यांच्या हाताशी होतेच; परंतु सामग्री समोर ठेवून तिच्याशी संवाद करावा, उत्तर पाहून पुढचा प्रश्न सुचावा, अशी सोय त्यांत नव्हती. ‘एस’मध्ये चलास प्रकार सांगावा लागत नाही, प्रकार चलाच्या नावाशी बांधलेला नसून त्यात ठेवलेल्या वस्तूशी बांधलेला असतो. आज ‘अ’ या नावाखाली संख्या आहे, उद्या त्याच नावाखाली शब्दांची यादी असू शकते. ही मोकळीक मोठी खरी, परंतु तिच्याबरोबरच प्रकार विचारण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली. फोर्ट्रानमध्ये प्रकार सांगावयाचा होता, ‘एस’मध्ये तो विचारावयाचा झाला.

१९८८ मध्ये बेकर, चेंबर्स व ॲलन विल्क्स यांचा नव्या ‘एस’वरील ग्रंथ आला. आजच्या ‘आर’ भाषेतील सामग्रीरचना ज्या पायावर उभी आहे तो पाया या परंपरेचाच : मुळाशी एकाच प्रकारच्या घटकांची ओळ, म्हणजे व्हेक्टर, आणि तिला चिकटविलेले गुणधर्म. मॅट्रिक्स हा स्वतंत्र पदार्थ नव्हे. ओळी किती व रकाने किती हे सांगणारा एक गुणधर्म ज्याला जोडला आहे असा तो व्हेक्टरच होय. मुळाशी प्रकृती आणि तिला लागलेले प्रत्यय, अशी ही घडण व्याकरणाच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल.

खरी गुंतागुंत १९९२ साली सुरू झाली. चेंबर्स व ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादित केलेला संख्याशास्त्रीय प्रतिमानांवरील ग्रंथ त्या वर्षी आला आणि त्याबरोबर डेटा फ्रेम ही तक्त्यासारखी रचना व ‘क्लास’ हा नवा गुणधर्म आला. आता वस्तू मुळाशी काय आहे हा एक प्रश्न, आणि तिला काय म्हणून वागवावे हा दुसरा प्रश्न, असे दोन प्रश्न झाले. डेटा फ्रेम मुळाशी लिस्ट आहे, पण वागवावयाची तक्ता म्हणून. फॅक्टर मुळाशी पूर्णांकांची ओळ आहे, पण वागवावयाचा गुणवाचक म्हणून. एका वस्तूस एकाहून अधिक क्लासही असू शकतात. व्यापक रेषीय प्रतिमानाच्या वस्तूवर ‘जीएलएम’ व ‘एलएम’ अशी दोन नावे क्रमाने असतात, म्हणजे ती आधी स्वतःच्या कुळाची आणि मग साध्या रेषीय प्रतिमानाच्या कुळाची. तिच्यासाठी खास नियम नसेल तेथे वडीलधाऱ्यांचा नियम लागू होतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या काळात ‘एस’सारखीच दिसणारी, पण अंतरंगात स्कीम भाषेचा संस्कार असलेली जी भाषा रचली, ती ‘आर’ होय. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर तेच. १९९५ मध्ये ती सर्वांना मुक्त झाली, १९९६ मध्ये तिच्यावरील दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० या दिवशी निघाली. ‘एस’चा वारसा तर सांभाळावयाचा, आणि अंतर्गत रचना तर वेगळी, त्यामुळे ‘आर’मध्ये प्रकार विचारण्याची तीन फंक्शने शेजारी शेजारी नांदू लागली. ‘टाइपऑफ’ हे यंत्राने वस्तू आत कशी साठविली आहे ते सांगते, ‘मोड’ हे जुन्या ‘एस’च्या भाषेत उत्तर देते, ‘क्लास’ हे वस्तूस काय समजून वागवावे ते सांगते.

या तिहींतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, १ मे १९६०, ‘आर’मध्ये दिनांक म्हणून नोंदविला तर ‘क्लास’ त्यास ‘डेट’ म्हणते, ‘मोड’ त्यास संख्या म्हणते, आणि ‘टाइपऑफ’ त्यास ‘डबल’, म्हणजे दशांशयुक्त संख्या, असे सांगते. कारण आत प्रत्यक्षात साठविलेले असते उणे ३५३२. दिवसांची मोजणी १ जानेवारी १९७० पासून होत असल्याने त्याआधीचे सारे दिवस ऋण होतात. इतके असून ‘इज.न्यूमेरिक’ या फंक्शनास हा दिनांक संख्या आहे काय असे विचारले तर ते ‘नाही’ म्हणते, आणि योग्यच म्हणते, कारण दोन दिनांकांची बेरीज करण्यात काही अर्थ नाही. तीन फंक्शनांची उत्तरे तीन आहेत व तिन्ही खरी आहेत. विद्यार्थी येथे गोंधळतात. त्यांना वाटते की, खरा प्रकार एकच असला पाहिजे.

‘इज.व्हेक्टर’ या फंक्शनाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याच्या नावाने जितके लोक फसले तितके क्वचितच अन्य कशाने फसले असतील. समोरची वस्तू व्हेक्टर आहे काय, असा त्याचा अर्थ कोणीही करील. प्रत्यक्षात ते फंक्शन असे विचारते की, नावांखेरीज दुसरा कोणताही गुणधर्म या वस्तूस चिकटलेला नाही ना? म्हणून लिस्ट दिली तर ते ‘होय’ म्हणते. मॅट्रिक्स दिली तर ‘नाही’. फॅक्टर दिला तरी ‘नाही’. इतकेच काय, संख्यांच्या साध्या ओळीस मोजमापाचे एकक टीप म्हणून गुणधर्मरूपाने जोडले तर तीही या परीक्षेत नापास होते. संख्यांची ओळ हवी असेल तर संख्या आहे काय हे एका फंक्शनाने आणि मिती नाही ना हे दुसऱ्याने, असे दोनदा विचारावे हा जुन्या हातांचा सल्ला होय. परीक्षकाचे नाव आणि परीक्षेचा विषय ही एकच असतात असे गृहीत धरणे येथेही महाग पडते.

आता या इतिहासातील जो प्रसंग मला सर्वांत उद्बोधक वाटतो त्याकडे वळू. ‘आर’मध्ये मॅट्रिक्स ही दोन मितींची ॲरे आहे हे कोणीही सांगेल. ‘इज.ॲरे’ या फंक्शनास मॅट्रिक्स दाखविली तर ते पूर्वीपासून ‘होय’ म्हणत आले आहे. परंतु कुळ विचारणाऱ्या ‘इनहेरिट्स’ या फंक्शनास ‘ही ॲरेच्या कुळातील आहे काय?’ असे विचारले तर २०२० पूर्वी उत्तर ‘नाही’ असे येई, कारण मॅट्रिक्सवर क्लासचे एकच नाव सांगितले जाई. घरचे म्हणत ही आमची, आणि वंशावळीत नाव नाही, असा प्रकार. ही विसंगती दूर करावयाची तर मॅट्रिक्सला ‘मॅट्रिक्स’ व ‘ॲरे’ अशी दोन नावे द्यावी लागणार होती. तसे करताच जगभरच्या असंख्य उपक्रमांतील एक वाक्य अडचणीत येणार होते : जर क्लास(म) == ‘मॅट्रिक्स’ असेल तर अमुक कर. या वाक्यात कुळ विचारलेले नाही. नाव जसेच्या तसे जुळते काय एवढेच विचारले आहे, आणि नाव एकच असते असे धरून चालले आहे. आता नावे दोन झाल्याने उत्तरेही दोन येणार : एक ‘होय’ आणि एक ‘नाही’. ‘जर’पुढे दोन उत्तरे आली तर काय करावे?

झुरिकच्या मार्टिन मेक्लर यांनी, जे ‘आर’च्या गाभ्यातील मंडळापैकी आहेत, २०१९ च्या नोव्हेंबरात एक टिपण लिहून या बदलाची पूर्वसूचना दिली व क्लासच्या नावाशी बरोबरीचे चिन्ह लावण्याची सवय सोडून द्यावी असे आग्रहाने सांगितले. २४ एप्रिल २०२० रोजी निघालेल्या ४.०.० या आवृत्तीत मॅट्रिक्सला तिचे दुसरे नाव मिळाले. तूर्त ‘जर’ हे पहिले उत्तर घेऊन केवळ इशारा देई. एप्रिल २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून मात्र एकाहून अधिक उत्तरे आल्यास काम थांबते. प्रस्तुत लेखकाचाही एक जुना उपक्रम, मराठी ध्वनींच्या वारंवारतेचा, त्या वर्षी असाच थांबला. त्यात हे वाक्य सात ठिकाणी होते. सातही ठिकाणी ‘इज.मॅट्रिक्स’ घालून काम चालू झाले, पण त्या निमित्ताने असे ध्यानात आले की, यांतील दोन ठिकाणी मुळात डेटा फ्रेम येऊ शकत होती आणि तिचा विचारच केलेला नव्हता.

त्याच ४.०.० आवृत्तीत दुसराही एक जुना संकेत मोडला. तक्ता वाचताना अक्षरांच्या रकान्याचा आपोआप फॅक्टर करण्याची १९९० नंतरच्या दशकापासूनची रीत बंद झाली. प्रतिमाने हाच भाषेचा मुख्य उपयोग असताना ती रीत सोयीची होती, कारण प्रतिमानात अक्षरे येतात ती बहुधा वर्गांची नावे म्हणून. पण फॅक्टरचे संकेतांक वर्णक्रमावर अवलंबून असतात, आणि वर्णक्रम भाषेभाषेचा वेगळा. आमच्याच पाहणीतील चार मातृभाषा देवनागरीत लिहिल्या तर क्रम उर्दू, कन्नड, तेलुगू, मराठी असा होतो व मराठीचा संकेतांक ४ येतो. त्याच रोमन लिपीत लिहिल्या तर कन्नड पहिली, मराठी दुसरी. लिपी बदलताच मराठी ४ ची २ होते. (अंकही देवनागरीत लिहिले तर ‘आर’ त्यांस अंक समजत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे ध्यानात ठेवावे.)

मराठी व्याकरणकारांना हाच पेच वेगळ्या वेशात भेटला होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ सालचे. शब्दांच्या जाती ठरविताना कसोटी कोणती लावावी : शब्दाचे रूप पाहावे, अर्थ पाहावा, की वाक्यातील कार्य पाहावे? ‘तो खाली बसला’ यातील ‘खाली’ क्रियाविशेषण आणि ‘झाडाखाली’ यातील ‘खाली’ शब्दयोगी. शब्द तोच, पण जात कार्यावरून ठरते. ‘शहाणा’ हे विशेषण. पण ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणताना त्यास विभक्तिप्रत्यय लागून ते नामासारखे चालते. शब्दकोशात त्यापुढे ‘विशेषण’ असे एकच नाव लिहिले असेल आणि आपण त्या नावाशी बरोबरीचे चिन्ह लावून वाक्य तपासू लागलो, तर जे मेक्लर यांना सांगावे लागले तेच दामल्यांनाही सांगावे लागेल. महाभाष्यकार पतंजलीने शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची मानली : जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. यांतील चौथी, म्हणजे ठेवणाऱ्याच्या इच्छेने ठेवलेले निव्वळ नाव, ही ‘आर’च्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण ‘आर’मधील जुन्या पद्धतीचा क्लास हा पुष्कळदा यदृच्छाशब्दच असतो. कोणत्याही ओळीवर ‘एलएम’ अशी चिठ्ठी चिकटविली तर यंत्र तक्रार करीत नाही. ती वस्तू मुद्रित करावयास जावे तेव्हा घोटाळा उघडकीस येतो. वस्तू आपल्या नावास पात्र आहे की नाही हे निर्मितीच्याच वेळी तपासण्याची सोय चेंबर्स यांच्या १९९८ च्या ग्रंथातील नव्या पद्धतीत आली, पण सामान्य व्यवहार अद्यापही जुन्या पद्धतीनेच चालतो.

ही तुलना फार ताणू नये. व्याकरणकार जे आहे ते शोधतो, उपक्रमकार जे हवे ते ठरवितो. तथापि जनगणनेसारख्या ठिकाणी या दोन वृत्ती एकत्र येतात. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे १९,५६९ होती; छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या आणि दहा हजार व अधिक भाषक असलेल्यांचे १२१ भाषांत वर्गीकरण झाले. सांगितलेले नाव, निश्चित केलेली मातृभाषा आणि ती जिच्यात गणली गेली ती भाषा, अशा एकाच माणसाच्या तीन नोंदी. ‘टाइपऑफ’, ‘मोड’, ‘क्लास’ यांच्यासारखी ही उतरंड आहे. कुळेही बदलतात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात कोंकणी मराठीच्या पोटात आहे. १९९२ साली तिचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून समावेश झाला. जुना तक्ता आणि नवा तक्ता शेजारी ठेवून ‘मराठी’ या नावाशी बरोबरी साधणारा संशोधक दोन वेगळ्या वस्तूंची वजाबाकी करीत असतो, आणि यंत्र त्यास अडवीत नाही.

नव्या पेठेतील तक्ता आम्ही पुढच्या सत्रात पुन्हा भरला. आता कोणतेही गणित करण्याआधी ‘एसटीआर’ या फंक्शनाने प्रत्येक रकान्याची अंतर्रचना छापून ती वहीत चिकटवावयाची, असा वर्गाचा रिवाज आहे. वर्षाच्या रकान्यात त्या वृद्ध दुकानदाराची चौकट रिकामी सोडली आहे. शेजारी ‘उत्तर जसे मिळाले तसे’ असा पाचवा रकाना अक्षरांचा म्हणून वाढविला आहे, आणि ‘आजोबांच्या वेळेपासून’ हे शब्द तेथे आहेत. सहसंबंधगुणक पूर्वीपेक्षा थोडा उतरला.